गुन्वोरचा बाक

स्वीडनमधल्या स्मोलांडच्या काच कारखान्यात गुन्वोरने चाळीस वर्षं काच फुंकली, आणि आता हृदय नीट पंप करत नाही म्हणून तिला घरी बसवायला सगळे टपले होते. पाय सुजतात, जिन्यात धाप लागते, हे तिला मान्य होतं. घरी बसणं मान्य नव्हतं. कारखान्याने तर काच फुंकायच्या तिच्या बाकावर नवा माणूस हवा, अशी चिठ्ठी फळ्यावर लावूनही टाकली. काय ती घाई!

"इकोत धूसर दिसतंय," डॉक्टर हेन्निंग म्हणाला. "पण हृदयाचा बराचसा स्नायू मेलेला वाटतो. तसं असेल तर भट्टी विसर, गुन्वोर."

"तुला वाटतं म्हणून मी भट्टी सोडू? नीट बघ आधी!"

म्हणून मग एमआरआय. ती त्या बोगद्यात आडवी झाली. तंत्रज्ञ मालिन काचेपलीकडून सांगायची, "श्वास सोड... आता घेऊ नकोस." यंत्र ठणठणायचं आणि चित्र दर वेळी पुसट यायचं.

"गुन्वोर, तू श्वास घेतेस."

"मुळीच नाही!"

"छाती हलताना दिसतेय मला."

"मग तुझा पडदा खोटारडा आहे."

पाचव्यांदाही तेच झालं. आज राहू दे, असं मालिन म्हणाली, तेव्हा मात्र गुन्वोर चपापली. काच फुंकताना गालांतली हवा नळीत ढकलायची आणि तेवढ्यात नाकाने गुपचूप श्वास ओढायचा, हे तिला कारखान्यातल्या जुन्या उस्तादाने शिकवलं होतं. श्वास थांबव म्हटलं की नाक आपलं काम सुरू करत होतं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"राहू दे-बिहू दे काही नाही," ती ओरडली. "माझ्या नाकाला चिमटा लाव. लोखंडाचा नको, तुझं चुंबक ओढून घेईल, एवढंच."

मालिनने प्लॅस्टिकचा चिमटा शोधून आणला. गुन्वोरच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण दर वेळी दहा सेकंद ती तसूभर हलली नाही.

पुढच्या आठवड्यात हेन्निंगने चित्र समोर ठेवलं. काळ्या स्नायूत एक बारीक पांढरी रेघ होती.

"मेलंय ते एवढंच. बाकीचं थकलंय, पण जिवंत आहे. औषधांनी सुधारेल. माझा अंदाज चुकला."

"जरा मोठ्याने म्हण."

"चुकला! पण अर्धाच दिवस काम. आणि भट्टीत भाजलेला खारा हेरिंग मासा बंद."

"हेरिंग सोडते. बाक नाही."

सोमवारी फळ्यावर चिठ्ठी तशीच होती. गुन्वोरने ती फाडली नाही. तिच्यावर आपल्या हृदयाचं चित्र टाचलं आणि बाकावर जाऊन बसली.