बिराजदार मॅडम आणि कढईचं झाकण

कुणी नव्या पुस्तकाचं कौतुक करू लागलं की बिराजदार मॅडम चष्मा काढून पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "हौदा?" अक्कलकोटकडच्या त्या, घरात कन्नड, बाहेर मराठी. हौदा म्हणजे असं का. पण त्यांच्या तोंडून ते ऐकलं की आपणच थापा मारतोय असं वाटायला लागायचं.

सोलापूरच्या आमच्या कॉलेजात आम्ही दोघी रसायनशास्त्र शिकवायचो, त्या माझ्याहून पुष्कळ वडील. निवृत्तीनंतर त्यांनी विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासकांची एक मेलिंग लिस्ट चालवायला घेतली. तिथे पाठवलेली मेल सगळ्या प्राध्यापकांना जायची, पण आधी मॅडमच्या नजरेखालून. त्यातून नव्या पुस्तकाची माहिती असली की संपलंच. "बढतीला पुस्तक लागतं म्हणून लिहितात गं. निम्मं इकडचं, निम्मं तिकडचं. लिस्ट म्हणजे काय मंगळवार बाजार आहे, ओरडून विकायला?"

त्या आधी प्रत मागवायच्या, अथपासून इतिपर्यंत वाचायच्या आणि मग लेखकाला फोन करायच्या. एका मोठ्या पदावरच्या गृहस्थांना त्यांनी माझ्यासमोर विचारलं, "सर, तिसऱ्या प्रकरणात तुम्ही काय म्हटलंय ते सांगा की." सरांना एकदम मीटिंग आठवली. मॅडमनी फोन ठेवला. "बघ. स्वतःच्या पुस्तकाशी ओळख नाही यांची."

मला याची भारी गंमत वाटायची, माझ्यावर पाळी येईपर्यंत.

माझं पुस्तक आलं ते इथल्या चादरींच्या रंगाईवर आणि त्यामागच्या रसायनशास्त्रावर. किती वर्षं शहराच्या पूर्व भागातल्या रंगाऱ्यांच्या अंगणात बसून लिहिलेलं. प्रकाशक छोटा, त्यामुळे गठ्ठे माझ्याच पलंगाखाली. या विषयाचे वाचक असलेच तर त्या लिस्टवर. मी माहिती पाठवली, मॅडमना प्रत नेऊन दिली. आठवडे गेले. रोज मेल उघडायची, माझ्या पुस्तकाचा पत्ता नाही. फोन केला तर "बघते की," एवढंच. माझं डोकं फिरलं. यांचं स्वतःचं पुस्तक कधी झालं नाही, म्हणून पोटात दुखतंय, असं मी घरात बोलूनही दाखवलं.

एका दुपारी त्या न सांगता घरी आल्या. चहाला हात लावला नाही. पिशवीतून दोन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. एक माझं, दुसरं परगावच्या एका प्राध्यापकाचं. विषय तोच, आणि लिस्टसाठी आलंही त्याच आठवड्यात. दोन्हींत रंगाच्या कढईचं चित्र होतं, अगदी एकसारखं.

"कुणी कुणाचं घेतलं?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "मॅडम, हे तुम्ही मला विचारताय?"

"तुलाच. त्यालाही विचारलं. तो म्हणतो चित्र माझं." त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "मी पूर्व भागात फिरून आले. रंगाच्या कढईला कुणी झाकण घालत नाही. सूत सारखं बुडवायचं, काढून रंग बघायचा, झाकण कशाला? मग हे झाकण आलं कुठनं, ते सांग."

मी चित्राकडे बघत राहिले. चूक होती, धडधडीत चूक. मग हळूहळू आठवलं, तसं मॅडमना सांगत गेले. ज्या म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे बसून मी ते काढलं, त्यांचं काम केव्हाच बंद पडलं होतं. रिकाम्या कढईत मांजर पिल्लं घालायची, म्हणून सुनेनं वर पत्र्याचं झाकण टाकलं होतं. मी तेही इमानदारीत काढलं. तेच चित्र आधी माझ्या प्रबंधात गेलं, आणि प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुणालाही बघायला मिळतो.

मॅडम तेव्हा हसल्या. "आता त्यानं काय लिहिलंय वाच." झाकणामुळे उष्णता कशी टिकते आणि सरपण कसं वाचतं, यावर गृहस्थांनी अख्खं पान खर्च केलं होतं. "मांजर त्याला कुठनं ठाऊक असणार?"

"पण माझ्यावर संशय घेतलात," मी म्हटलं. "इतक्या वर्षांची ओळख, मॅडम." मला रडू आवरेना.

"ओळख होती म्हणून विचारायला आले. नाहीतर दोघांनाही काढून टाकलं असतं की." मग तो गार चहा त्या प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी लिस्टवर माझं पुस्तक आलं. खाली मॅडमची टीप होती: "पुस्तक मी पूर्ण वाचले आहे. कढईच्या चित्रातले झाकण चुकीचे आहे. परंतु ते लेखिकेचे स्वतःचे आहे." चारचौघांत चूक गेल्याची लाज वाटली, पण लोकांनी झाकणाची चौकशी करत करत पुस्तकं मागवली. पलंगाखालचे गठ्ठे कमी झाले. तो प्राध्यापक लिस्ट सोडून गेला.

मॅडमना जाऊन वर्ष झालं. लिस्ट आता दुसरं कुणी बघतं. परवा मी नव्या पुस्तकाची माहिती पाठवली आणि तासाभरात ती सगळ्यांना गेलीसुद्धा. अभिनंदनाच्या मेल आल्या, पुष्पगुच्छांची चित्रं आली. प्रत कुणी मागितली नाही. फार एकटं वाटलं. आताशा फोन वाजला की मी धावत जाते. एखादी तरी चूक कुणाला सापडली असेल.