दोन खाड्यांची सुईण

ड्रुसिला मे पेली, माहेरची ड्रुसिला मे बगडेन. जन्म १९५१, मृत्यू २०१९, दोन्ही ब्रॅम्बल बेटावर. जन्मस्थळ मी मुद्दाम नोंदवले आहे. कारण बाईंच्या आयुष्यातील बराच काळ असा गेला, की आमच्या बेटावर माणसे मरत असत, जन्मत मात्र नसत.

त्या रीतसर शिकलेल्या सुईण होत्या. बेटावरच्या लहान रुग्णालयात त्यांनी अठरा वर्षे बाळंतपणे केली. पुढे सरकारने तेथील प्रसूतिकक्ष बंद केला आणि त्यांना परिचारिका म्हणून ताप मोजण्याच्या व जखमा बांधण्याच्या कामावर ठेवले. तेव्हापासून बेटावरच्या प्रत्येक गर्भवतीने दिवस भरण्याच्या तीन आठवडे आधी फेरीबोटीने मुख्य भूमीवर जायचे, रुग्णालयाजवळ भाड्याच्या खोलीत राहायचे आणि कळा येण्याची वाट पाहायची, असा नियम झाला. नवरा खेकड्यांच्या हंगामात समुद्रावर, थोरली मुले शेजाऱ्यांकडे. बेटावर पुन्हा बाळंतपणे व्हावीत, दोन्ही खाड्यांच्या बायकांना आपापल्या घरी बाळंत होता यावे, एवढीच एक गोष्ट ड्रुसिलाबाईंना हवी होती.

दोन्ही खाड्यांच्या, असे म्हणण्याला कारण आहे. ब्रॅम्बलवर वस्त्या दोन, वरची खाडी आणि खालची खाडी. आणि पक्षही, मनावर घेण्यासारखे, दोनच. पक्षांची कागदोपत्री नावे निराळी आहेत, पण बेटावर ती कोणी उच्चारत नाही. वरच्यांचा पक्ष आणि खालच्यांचा पक्ष म्हटले की पुरते. मनुष्य ज्या खाडीत जन्मतो त्या पक्षाचा होतो, आणि निवडणूक आली की फाटकावर त्या पक्षाची पाटी लागते. तिसरा पक्षही आहे. त्याला बेटावर दर वेळी एकच मत पडते, आणि ते कोणाचे याविषयी बरीच वर्षे तर्क चालू आहेत. पाटी नसलेली घरे तीन: धर्मोपदेशकांचे, माझे, कारण शाळेचा मुख्याध्यापक म्हणून उमेदवारांच्या सभेचे अध्यक्षपद माझ्याकडे असे, आणि सुईणीचे. ड्रुसिलाबाईंच्या आधीच्या सुईणीनेही कधी पाटी लावली नव्हती. जिला प्रत्येक घराच्या आतल्या खोलीत जायचे आहे तिने मत कोणाला दिले, हे तिच्या नवऱ्यालाही कळू नये, अशी आमच्याकडची रीत.

ज्या निवडणुकीची ही हकीकत आहे, तिच्या सभेत मी शाळेची घंटा घेऊन बसलो होतो. कोळ्यांचे सभागृह गच्च भरले होते. वरचे डावीकडे, खालचे उजवीकडे. ड्रुसिलाबाई मागे चहाच्या टेबलापाशी उभ्या होत्या. प्रश्नांची वेळ आली तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"तिघांनाही विचारते. आपल्या बायकांनी बाळंतपणासाठी परक्या खोलीत जाऊन पडायचं, हे तुमच्या पक्षाला मान्य आहे का? हो की नाही ते आधी सांगा. भाषण मागनं."

वरच्यांचे क्लॅरेन्स फज प्रथम उठले. "मावशी, तुमचा मान राखून सांगतो, मान्य आहे. जिथं शस्त्रक्रियेची खोली नाही, रक्त नाही, तिथं बाळंतपण नको असं आमचा पक्ष म्हणतो. एक जरी बाई दगावली तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

या उत्तरात लबाडी नव्हती. बाईंनीही मान हलवली. जिचे बाळंतपण अवघड वाटले ती प्रत्येक बाई त्यांनी स्वतःच वेळेवर बोटीने पाठवली होती.

तिसऱ्या पक्षाच्या कुमारी पार्डी म्हणाल्या, की आधी अभ्यास समिती नेमावी, मग कायदा करावा, तोवर खोलीचे भाडे सरकारने सोसावे.

"तोवर पोरगं शाळेत जाईल की बाई!" उजवीकडून कोणीतरी ओरडले.

"आणि मास्तर त्याला नापास करतील!" हे डावीकडून. मला घंटा वाजवावी लागली.

खालच्यांचे रोलंड स्टकलेस शेवटी उठले आणि 'मान्य नाही' म्हणाले. त्यांच्या पक्षाने जाहीरनाम्यात कलमच घातले होते: सुईणींना कायद्याची मान्यता, सरकारी पगाराच्या जागा, पहिल्या तीन ठिकाणांत ब्रॅम्बल, आणि अडलेल्या बाईसाठी हेलिकॉप्टर उतरण्याची जागा.

दोन दिवसांनी स्टकलेस बाईंच्या स्वयंपाकघरात आले. मी त्यांचा शेजारी, तिथे वाटाण्याचे सूप प्यायला बसलेलो होतो.

"मावशी, एक फोटो द्या. पत्रकावर छापतो. खाली एकच ओळ: ही आमची सुईण, हे आमचं वचन."

"माझ्या थोबाडाकडं बघून कोण मत देणार रे?"

"जिला तुम्ही मोकळी केलीत ती प्रत्येक बाई. माझी आईसुद्धा त्यातच आली. गेल्या वेळी थोडक्यात हरलोय मी. कलम छापून कुणी वाचत नाही, मावशी."

मी म्हणालो, "बाई, या घराच्या फाटकावर आजवर पाटी लागलेली नाही."

"लागणारही नाही. मी पक्षाला फोटो देत नाही, मास्तर, कलमाला देते."

"कलमाला चेहरा नसतो. लोक चेहरा पाहतील."

बाईंनी सुपाचे भांडे चुलीवरून उतरवले. मग म्हणाल्या, "फज निवडून आला तर मी निवृत्त होईपर्यंत ताप मोजणार. दुसरी वाट तुम्हाला दिसते का? दिसत असेल तर सांगा." मला दिसत नव्हती. त्यांनी केस नीट केले आणि चुलीपाशी उभे राहून फोटो काढू दिला.

स्टकलेस निवडून आले, त्यांच्या पक्षाचे सरकार आले. कायदा झाला, जागा मंजूर झाली, आणि त्या जागेवर ड्रुसिलाबाईंची नेमणूक झाली. खालच्या खाडीत पहिली मुलगी जन्मली त्या दिवशी तिथल्या धक्क्यावरच्या सगळ्या बोटींनी भोंगे वाजवले. वरच्या खाडीतल्या बोटी गप्प होत्या.

वरच्या खाडीतल्या बायका पूर्वीप्रमाणेच फेरीबोटीने जात राहिल्या. बाळंतपणाला एकही बाईंकडे आली नाही. बाईंना वाटले, सवय मोडायला वेळ लागतो. एका सकाळी धक्क्यावर व्हर्ना कीपिंग आपल्या सुनेला, जोएलला, निरोप द्यायला आली होती. बाई आणि मी टपालाची वाट पाहत उभे होतो. बाई सरळ तिच्यापाशी गेल्या.

"व्हर्ना, निघाली का गं सून?"

"निघाली."

"दवाखान्यात तपासलंय मी तिला. सगळं सरळ आहे. घरीच होईल."

"होईल ना. तुझ्या हाताला नाव ठेवणारा जन्माला यायचाय अजून. माझे दोन्ही तूच काढलेस."

"मग अडलंय कुठं?"

"क्लॅरेन्स माझा आतेभाऊ आहे, ड्रुसिला. तुझ्या फोटोनं पाडला त्याला. आता सून तुझ्या हाती दिली तर माझा नवरा घरात जेवेल का?"

"पोटातल्या पोराला पक्ष असतो होय गं?"

"वरच्या खाडीत असतो. तुला ठाऊक होतं. म्हणून तर तू कधी पाटी लावली नव्हतीस."

जोएल बॅगेच्या कडीशी चाळा करत उभी होती. तिने एकदा बाईंकडे पाहिले आणि बोटीवर चढली. पुढे धुक्याने फेरी बंद पडली, आणि तिला मुलगा झाला तेव्हा घरचे एकही माणूस तिच्याजवळ नव्हते.

ही बातमी कळल्यावर बाई माझ्याकडे आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"मास्तर, पुढच्या निवडणुकीत वरच्यांचं सरकार येणार. एक खेप सोडून येतंच. आले की ते ही जागा काढणार."

"काढतील असे दिसते."

"आणि त्यांच्या एकाही घरात या जागेचा उपयोग झालेला नसेल. मग रडेल कोण हिच्यासाठी? खालचेच. खालच्यांचं रडणं वरच्यांना गोड लागतं." मग त्या म्हणाल्या, "माझ्या जागी परकी बाई हवी. जिच्या तोंडावर कुणाचाच रंग नाही अशी."

मी त्यांना परोपरीने समजावले. सोळा वर्षे वाट पाहून मिळालेले काम होते ते. हात अजून स्थिर होते. पण त्यांनी राजीनामा लिहून आणला होता आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्यापुढे ठेवला. तपासण्यासारखे काही नव्हते. दोनच वाक्ये होती.

स्टकलेस धावत आले. "मावशी, पुढच्या वेळी मी लोकांना दाखवू काय?"

"पाळणे दाखव. दोन्ही खाड्यांतले. माझं तोंड पुरे झालं आता."

दूरच्या मॅनिटोबा प्रांतातून मारिसेल दुमलाओ नावाची तरुण सुईण आली. तिला खाड्यांतला फरक कळत नसे, आणि तिने तो कळून घेतलाही नाही. पहिल्याच आठवड्यात तिने वरच्या खाडीच्या दुकानात खालच्या खाडीच्या पावाची स्तुती केली; लोक हसले, पण रागावले नाहीत. ड्रुसिलाबाई तिच्याबरोबर कोणाच्याही घरी गेल्या नाहीत. काही विचारायचे असले तर मारिसेल मागच्या दाराने येई.

जोएलचे दुसरे मूल वरच्या खाडीत, कीपिंगांच्या घरात जन्मले. त्या दुपारी मी बाईंकडेच होतो. घर टेकडीवर असल्याने खिडकीतून कीपिंगांचे छप्पर दिसते. बाई दोनदा उठून कोटापर्यंत गेल्या आणि दोनदा परत येऊन बसल्या. सायंकाळी मारिसेलचा फोन आला: मुलगी, दोघी सुखरूप. बाईंनी फोन ठेवला आणि बटाटे सोलायला घेतले.

सरकार बदलले. अपेक्षेप्रमाणे वरच्यांचे आले आणि खर्चकपातीच्या यादीत सुईणीच्या तिन्ही जागा आल्या. क्लॅरेन्स फज आता निवडून येऊन मंत्री झाले होते. वरच्या खाडीतल्या बायकांना घेऊन व्हर्ना त्यांच्या कार्यालयात गेली. तिथे काय बोलणे झाले ते तिनेच दुकानात सांगितले: "म्हटलं, क्लॅरेन्स, ती जागा खालच्यांची असेल तर माझी नात काय खालची आहे? उत्तर दे आणि मग जेवायला ये." ब्रॅम्बलची जागा यादीतून निघाली, म्हणजे वाचली; इतर दोन वाचल्या नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

ड्रुसिलाबाईंनी राजीनाम्यानंतर एकही बाळंतपण केले नाही. २०१९ च्या मार्चमध्ये त्या वारल्या. दफनाला दोन्ही खाड्यांची माणसे आली आणि, चर्चमध्ये सभेसारखे उजवे-डावे ठरलेले नसल्याने, मिळेल तिथे बसली. सुईणीची जागा आज कायम आहे. हेलिकॉप्टर उतरण्याची जागा दोन्ही पक्षांनी आपापल्या जाहीरनाम्यात घेतली, पण केलेली नाही; बाई दगावण्याविषयी क्लॅरेन्स फज सभेत जे म्हणाले होते त्याचे उत्तर म्हणून ती व्हायला हवी, असे माझे मत आहे. व्हर्ना ड्रुसिलाबाईंच्या हयातीत त्यांच्या घरी गेली नाही. धक्क्यावरच्या बोलण्यानंतर दोघींत काही बोलणे झाल्याचे मला माहीत नाही.