तळहातावरची साखर

दह्यात न विरघळलेला साखरेचा कण दाताखाली आला की बारीक करकर होते. रायपूरच्या समता कॉलनीतल्या आमच्या घरातून महत्त्वाच्या कामाला जो निघेल, त्याच्या तळहातावर माझी धाकटी जाऊ कमल दही-साखर ठेवते. परीक्षा असो, नोकरी असो, सोयरीक असो. त्या सकाळी तिने माझ्याही हातावर ठेवली आणि मी ती चाटली. जन्माची सवय, हात आपोआप पुढे होतो.

काम होतं स्कॅनचं. माझ्या छातीतला कॅन्सर पूर्वी नागपूरला कापून काढला. तेव्हा रायपुरात असल्या मशिनी कुठे होत्या! शहर राजधानी झालं, मशिनी आल्या, आणि आजारही परतला, जुन्या व्रणाखाली वाटाण्याएवढा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, तेवढाच असेल तर पुन्हा कापू. आणखी कुठे पसरला असेल तर कापून उपयोग नाही, औषधं देऊ. मला एवढंच कळायला हवं होतं.

"अम्मा, खाली पेट हो ना?" स्कॅन सेंटरमधल्या मुलीने विचारलं.

"दही-शक्कर खाई हूँ."

तिने कपाळाला हात लावला. तपासणीआधी शिरेतून साखरेसारखंच औषध सोडतात. कॅन्सर अधाशी, तो ते जास्त ओढून घेतो आणि चित्रात उजळतो. पोटात आधीच साखर गेली असेल तर चित्र फसवं येतं. "कल आना," ती म्हणाली.

रिक्षात कमल रडायला लागली. "ताई, मीनंच घात केला जी तुमचा!"

"काहून रडून राहिली? एका दिवसात मी मरून नाही राहिली."

बोलले खरी, पण तिच्यावर रागवायचं कसं? घाबरलेल्या मायेला हाताशी असेल तेच द्यावंसं वाटतं ना! त्या दिवशी तिच्या हाताशी दही होतं.

दुसऱ्या दिवशी उपाशी गेले. पुढे डॉक्टरांनी पडद्यावर माझंच शरीर दाखवलं: काळोखात उरलाच्या पोलाद कारखान्यांतल्या भट्ट्यांसारखे पेटलेले ठिपके. डोकं तर सगळंच लखलखत होतं. मी दचकले.

"दिमाग तो सबका चमकता है, अम्मा."

"आमच्या घरी नाही सगळ्यांचा," मी म्हटलं. कमल रडता रडता हसली.

मग त्यांनी पाठीच्या कण्यावरचे दोन ठिपके दाखवले, आणि कुणी हसलं नाही. त्यातला तुकडा काढून तपासला; तोही तेच बोलला. म्हणजे चाकू नाही. आता गोळ्या आणि इंजेक्शनं, आजार आवरून धरायला. बरा करायला नव्हे. वाईट वाटलं. पण उगाच कापून घेणं टळलं, तेही काय थोडं? अंधारात चाचपडण्यापेक्षा वाईट खबर स्पष्ट दिसलेली बरी.

पहिल्या इंजेक्शनच्या सकाळी कमल दाराशी उभी होती, वाटी पदराआड धरून, अपराध्यासारखी.

"विचारलं म्या डॉक्टरले," मी म्हटलं. "आज चालते. आण."

या खेपेला हात आपोआप पुढे झाला नाही. मी तो केला. साखर जरा जास्तच होती. करकर बराच वेळ चालली.