स्वल्प सोडायचं

घरात शिरले की अण्णा आधी चपला काढायचे, मग उकिडवे बसून मधल्या बोटाच्या पेरानं जमीन ठोकायचे. दोनदा इथं, दोनदा तिथं, मान तिरकी करून. त्या वेळी तुम्ही काय सांगताय याकडे त्यांचं लक्ष नसे. मग उठून म्हणायचे, "सरी. भिंतीपाशी स्वल्प सोडायचं." सरी म्हणजे ठीक, स्वल्प म्हणजे थोडं. बेंगळुरूत वर्षभर काढलेल्या मराठी माणसाच्याही तोंडात हा शब्द बसतो, आणि अण्णा तर वीस वर्षं इथं होते.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. खरं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या फोनमध्ये ते 'अण्णा फ्लोअरिंग' होते. अशी माणसं तुमच्याही फोनमध्ये असतील, नावापुढे गॅस, नळ, एसी लावलेली.

मी पुण्याहून आलेला, कॉम्प्युटरवर काम करणारा, म्हणून आपल्याला सगळं कळतं असं समजणारा. बनशंकरीत फ्लॅट घेतला आणि हट्ट धरला, की हॉल, पॅसेज आणि दोन्ही बेडरूम मिळून एकसलग लाकडी जमीन हवी. मध्ये उंबरा नको, पट्टी नको. जयनगरच्या एका दुकानदाराने अण्णांना पाठवलं. पहिला तासभर आम्ही हिंदीत बोललो. मग आईशी चाललेलं माझं फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं. "मराठी हाय व्हय तुम्ही? मी निपाणीकडचा. मग उगंच हिंदीची कसरत कशाला करायलाय?"

लाकडाची खोकी आली त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. अण्णांनी खोकी हॉलमध्ये आडवी मांडली आणि निघाले. "दोन दिवस ऱ्हाऊ दे. ह्या घराची हवा लागू दे त्यास्नी." माझी सुट्टी वाया गेली म्हणून मी चिडलो. बायको म्हणाली, "तुझ्या सुट्टीपेक्षा त्यांना लाकडाची काळजी आहे, हे बरंच आहे की."

काम मात्र बघत राहावं असं होतं. जुन्या स्कूटरच्या सीटचा फोम कापून त्यांनी गुडघ्यांना बांधला होता. आधी फोमचा पातळ थर अंथरायचे, त्यावर एकेक फळी तिरकी धरून दुसरीच्या खाचेत बसवायचे. भिंतीलगत प्लायवूडचे बारके तुकडे उभे करायचे, म्हणजे तेवढी फट सगळीकडून सुटे. फट नंतर स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावतात त्या पट्टीखाली, झाकली जाते. मी विचारलं, एवढी कशाला?

"ही जमीन खाली कुठंच चिकटल्याली न्हाई, सर. नुसती ठेवल्याली हाय. पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात आकसती. चारी खोल्या मिळून एकच हाय, म्हंजे जोर बी तेवढाच. हिला कुठं स्क्रू मारू नका. धरून ठेवलं की उठती."

मी मान हलवली. माझ्या कानात ऑफिसचा कॉल चालू होता.

चहा पिताना त्यांनी एकदाच स्वतःचं काहीतरी सांगितलं. बायको आणि मुलगी गावी होत्या. आमच्याच इमारतीतल्या आणखी सहा फ्लॅटवाल्यांनी तशीच जमीन करायची ठरवली होती, आमची होताना बघून. "ती सहा घरं झाली की खोली घेतो आणि दोघींस्नी हिकडं आणतो. लई वर्षं झाली वेगळं ऱ्हाऊन." हे सांगताना त्यांनी पुन्हा एकदा सवयीने जमीन ठोकली.

पुढे जे झालं ते मी केलं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्ही दुसऱ्या कुणावर संशय घेणार नाही.

महिन्याभराने वाऱ्याने बेडरूमची दारं आपटायला लागली. मी चिकपेटहून दार धरून ठेवणारे दोन चुंबकी स्टॉपर आणले. दोन्ही दारांपाशी फळीतून आरपार, खालच्या काँक्रीटपर्यंत ड्रिल मारलं आणि स्क्रू आवळले. स्वतःच्या हाताने केलं म्हणून बायकोला कौतुकाने दाखवलंही.

ऑगस्टमध्ये पॅसेज मध्यभागी उठला. पाय ठेवला की खाली जाई, उचलला की वर येई. मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "या माणसाला काम येत नाही. कृपया कुणीही देऊ नका." संध्याकाळपर्यंत सहाही जणांनी दुकानात नाही म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. चपला काढल्या, उकिडवे बसले, ठोकत ठोकत पॅसेजमधून सरकत गेले. हॉलमधलं स्कर्टिंग काढून प्लायवूडचा तुकडा फटीत घातला. तो आरामात बसला, म्हणजे फट पुरेशी होती. मग बेडरूमच्या दारापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी स्टॉपरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "अण्णा, कशामुळे हो झालं हे?"

"हवा दमट हाय, वहिनी," ते म्हणाले. "लाकूड हाय ते."

दोन्ही स्क्रू त्यांनी काढले, स्टॉपर भिंतीला लावून दिले. उरलेल्या फळीतून दोन गोल तुकडे कापले, रेषेला रेष जुळवून भोकांत बसवले आणि वरून हात फिरवला. चार दिवसांत पॅसेज आपोआप बसला. ती भोकं बायकोला आजही सापडलेली नाहीत.

जाताना लिफ्टपाशी हळूच म्हणाले, "सर, त्या ग्रुपवर स्वल्प लिवा की. काम बरोबर हुतं म्हणून. तेवढंच."

"आजच लिहितो," मी म्हणालो.

लिहिलं नाही. लिहायचं म्हणजे माझीच चूक कबूल करायची, आणि ती त्या सहा जणांपुढे. दोनदा मजकूर टाइप केला, दोनदा पुसला. अण्णांचा एकदा फोन आला. मी उचलला नाही. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा मला माझी अब्रू प्यारी होती.

डिसेंबरात शेवटी मीच फोन केला. एका बाईंनी उचलला.

"ते न्हाईत आता," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी गेले. बिल्डिंगीवरनं पडले."

"बिल्डिंगीवरनं? पण ते तर घरातलं काम करायचे."

"ते काम मिळंना झालं हुतं. मग बाहेरनं काचा बसवायच्या कामावर जायलालते." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण म्हणायचं?"

मी माझं नाव सांगितलं. बनशंकरी म्हणालो.

"व्हय, व्हय. तुमच्या घरचा फोटो हाय माझ्याकडं. त्यांनी धाडला हुता. एवढ्या लांब, एका रेघंत जमीन कधी केली न्हवती म्हणाले. हिकडं आलीस की दाखवतो म्हणाले हुते."

फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसून मी ग्रुपवर सगळं लिहिलं. ड्रिल मी मारलं, स्क्रू मी आवळले, अण्णांचं काम चोख होतं, मी खोटं बोललो. ते गेले, एवढंच मला लिहिता आलं नाही.

पाच जणांनी नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिलं, "बरं झालं सांगितलंत. आमचं अजून करायचंच आहे. त्यांचा नंबर पाठवता का?"