नॉर्बर्टच्या बिअरमधलं लोणी

नॉर्बर्ट कुलास तीस वर्षं स्टीव्हन्स पॉइंटच्या कागद कारखान्यात मशीनवर होता, पण काय करतोस असं विचारलं की सांगायचा, "बिअर करतो." विकायला नाही हं, निव्वळ हौस. आता अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात दर चौथ्या गॅरेजात कुणी ना कुणी जव शिजवत असतंच, त्याचं काय कौतुक. पण नॉर्बर्टनं त्यात जीव ओतला होता. अकरा वर्षं पाण्यातले क्षार मोजले, यीस्टच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या, एकेका घाण्याची वही लिहिली. थंडीत गाडी बाहेर बर्फात आणि बिअरचा फ्रीज आत उबेला, असा त्या घरचा न्याय.

आणि आता शनिवारी मुलीचं, टेसाचं लग्न. सव्वाशे पाहुणे, चर्चचा हॉल, आणि प्यायला नॉर्बर्टची लेगर बिअर. तीन पिंपं. फेब्रुवारीत घातलेली, दोन महिने गारठ्यात मुरवलेली. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलंसुद्धा त्यानं दाणे निवडावेत तशी निवडली होती.

लग्नाआधीच्या गुरुवारी घरी बिअर करणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबात वर्ग होता. नॉर्बर्ट बिअर-स्पर्धांच्या परीक्षकाच्या परीक्षेला बसणार होता, म्हणून चुकवला नाही. ग्लेन ऑस्टबी, क्लबातला जुना जाणता, त्यानं साध्या बिअरचे सहा ग्लास मांडले. एक शुद्ध, बाकी पाचांत बिअरमधल्या एकेका दोषाच्या वासाचे थेंब. वास घ्या, ओळखा.

चौथ्या ग्लासाशी सगळ्यांनी नाक मुरडलं.

"शी, पॉपकॉर्नवरचं लोणी," कुणीतरी म्हणालं.

नॉर्बर्टनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. घोट घेतला. "मला तर हीच शुद्ध वाटते," तो म्हणाला.

ग्लेननं त्याच्यापुढे दुसरा ग्लास ठेवला, त्यात दुप्पट थेंब होते. तरी काही नाही.

"काही नाकांना हा वास येतच नाही, नॉर्ब," ग्लेन हळूच म्हणाला. "जन्मतःच. अभ्यासानं नाही येत."

शेजारी बसलेली शेल्बी, शाळेत गणित शिकवणारी, बोलून गेली, "तरीच तुझ्या लेगरला..." आणि टेबलाखालून कुणीतरी तिला पाय मारला.

घरी येताना त्याला पुस्तकातली ओळ आठवली. पाठच होती ती. लोण्याचा वास आला, तर गारठ्यात घालण्याआधी बिअर दोन दिवस उबेत ठेवावी, यीस्ट तो वास खाऊन टाकतं. वास आला तर! त्याला अकरा वर्षांत एकदाही आला नव्हता, म्हणून त्यानं एकदाही ठेवली नव्हती. इतका काटेकोर माणूस, आणि गाडं अडलं ते नाकाशी.

स्वयंपाकघरात त्यानं आपल्या लेगरचे दोन ग्लास भरले. त्यातला एक ग्लास अर्धा तास गरम पाण्यात धरला, मग गार केला. बिअरमध्ये दोष लपून असेल तर असा उघडा पडतो. कसोटी अगदी नियमाप्रमाणे केली, पण निकाल वाचणार कोण? दोन्ही ग्लास त्याला सारखेच.

बायको डोलोरेस हॉलच्या टेबलक्लॉथना इस्त्री करत होती. त्यानं दोन्ही ग्लास तिच्यापुढे धरले.

"छान आहे," ती न हुंगताच म्हणाली.

"डॉली, खरं सांग."

तिनं इस्त्री उभी केली. हुंगलं. "लोणी," म्हणाली. "याला जास्त, त्याला जरा कमी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मला वाटलं तुला तशीच आवडते."

"अगं, एकदा तरी बोलायचंस."

"तू त्या वह्या घेऊन बसायचास ना, नॉर्ब. काय बोलणार होते मी?"

त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. नुसती लाज वाटली, अंगभर. अकरा वर्षं नाताळाला, वाढदिवसाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बळेबळे पाजलेला एकेक ग्लास डोळ्यांपुढे आला. आणि परवा सव्वाशे माणसं. बिअर सुधारायची तर ताजं यीस्ट घालून आठवडा तरी हवा, आणि हातात होता एक दिवस.

त्यानं टेसाला फोन लावला. लेकीच्या लग्नात लेकीचंच हसं व्हायला नको.

"टेसा, ऐक. माझी बिअर नको ठेवूस. खराब आहे. लोण्याचा वास येतो."

मग ती जपून म्हणाली, "डॅड, तू नको काळजी करूस. दुसरी मागवलीय आम्ही. चार पिंपं."

"आत्ता? इतक्यात कशी मिळाली?"

"मार्चमध्येच सांगून ठेवलेली. तू एवढा मन लावून करत होतास ना, म्हणून बोलले नाही."

मार्चमध्ये तर नॉर्बर्टची पिंपं नुकती गारठ्यात गेली होती.

"तुझीपण ठेवणार आहोत रे," ती घाईनं म्हणाली. "दाराशीच. फुलं वगैरे लावून. फोटोत येईल अशी."

"बरं," तो म्हणाला. "चालेल बाळा."

फोन ठेवून तो गॅरेजात गेला. पिंपांवर बोटांचे डाग होते, एकाला खालून जरा गंज दिसत होता. फोटोत येणार म्हणून त्यानं फडकं घेतलं आणि तिन्ही पिंपं पुसायला बसला.