मोजायची टेप

बाळं तपासायला येणाऱ्या नर्सबाई दारात विचारतात, "आत येऊ का?" आणि उत्तर मिळेपर्यंत खरंच थांबतात. इथला शिष्टाचार, असं मला वाटायचं.

इथे जपानात, कावासाकीत, त्या माझं आणि शेजारणीचं बाळ एकत्रच तपासतात. शेजारीण ऐनू, म्हणजे जपानच्या मूळ रहिवाशांपैकी. पहिल्या खेपेला नर्सबाईंनी तिच्या बाळाच्या डोक्याला टेप लावली, तशी बाळाच्या आजीने त्याला उचलून घेतलं. "आमची डोकी संशोधकांनी न विचारता पुष्कळ मोजलीत."

नर्सबाई वाकल्या. "दारात विचारलं, इथे विसरले. चुकलं माझं."

पुढच्या खेपेला त्यांनी टेप आजीच्याच हातात दिली. आजीने मोजलं, पण आकडा सांगितला नाही. नर्सबाईंनी विचारलाही नाही. टेप तिथेच ठेवून गेल्या.

परवा त्यांनी "आत येऊ का?" म्हणायच्या आतच आजीने दारात येऊन आकडा सांगितला.