परत द्यायची लेकरं

आमच्या शेजारच्या सिस्टरबाईंइतका देवाला कामाला लावणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात शोधून सापडायचा नाही. उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेला, त्यामुळे त्यांची प्रार्थनाही वॉर्डबॉयला सूचना द्याव्यात तशीच असते. निवृत्त झाल्यावर भूगावातल्या राहत्या बंगल्यातच त्यांनी घर काढलं, ज्यांचे आईबाप काही काळ त्यांना सांभाळू शकत नाहीत अशा मुलांसाठी. प्रभूने तसं सांगितलं म्हणे. नेमकं कधी, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "भांडी घासताना." परवानगीसाठी सरकारी कचेरीत त्या इतक्या वेळा जाऊन बसल्या, की साहेब कधी येणार हे लोक त्यांनाच विचारायला लागले. शेवटी परवानगी मिळाली. बाई तिला प्रभूची कृपा म्हणतात. माझ्या मते कचेरीच कंटाळली होती.

घराला कुणी अनाथाश्रम म्हटलेलं त्यांना खपत नाही. एका बिल्डरने मोठ्या कौतुकाने तसा बोर्ड रंगवून आणला, तर बाईंनी चहा पाजून बोर्डासकट त्याला परत पाठवलं. "आईबाप आहेत त्यांना. अडचणीत आहेत, एवढंच. ही परत द्यायची लेकरं आहेत," असं त्या दूधवाल्यापासून फादरपर्यंत सगळ्यांना ठणकावून सांगायच्या. जेवणाआधीच्या त्यांच्या प्रार्थनेत या सगळ्या आईबापांची नावं येत, मग आजारी शेजारी, मग चांदणी चौकातली वाहतूक. मुलं एक डोळा किलकिला करून निवत चाललेल्या आमटीकडे बघत बसायची.

अशाच एका जेवणाला, धरणापलीकडच्या डोंगरवाडीतून नुकत्याच आलेल्या एका चिमुरडीने मध्येच भात खायला सुरुवात केली. बाप नव्हता, आई टीबीने दवाखान्यात. बाकीची मुलं श्वास रोखून बसली. बाईंनी डोळे न उघडताच घाईने "आमेन" म्हटलं, आणि तेव्हापासून उरलेली प्रार्थना जेवणानंतर होऊ लागली. पोरीला कॉटवर झोप येईना, तर गुडघ्यांच्या नावाने खडे फोडत बाईही खाली चटईवर झोपू लागल्या. पोरगी त्यांचा पदर मुठीत धरून झोपायची. बाईंचा जीव तिच्यात किती अडकलाय, ते आम्हाला दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं.

वर्षभराने आई बरी झाली आणि लेक परत मागू लागली. तेव्हा बाईंना एकाएकी नाना शंका सुचायला लागल्या. छप्पर गळत असेल, शाळा लांब असेल, औषधं मध्येच सोडली तर काय. बालकल्याण समितीच्या साहेबांनी सांगितलं, तुम्हीच घर बघून या, तुमच्या शब्दावर ठरवू. गाडी मी चालवली. माझ्या चहातसुद्धा रोज खोट काढणाऱ्या बाई, त्यामुळे निकाल काय लागणार याबद्दल मला शंका नव्हती. तिथे त्यांनी सारवलेली जमीन पाहिली, हंड्यावरचं झाकण उचलून पाहिलं, खुंटीवरच्या पिशवीतल्या गोळ्या तपासल्या. पोरीची आई दाराशी अंग चोरून उभी होती.

"काय कमी हाय ते सांगा बाई," ती म्हणाली. "मी करते. पर माजी लेक द्या."

सिस्टरबाई कितीतरी वेळ छपराकडे बघत राहिल्या. एखादं भोक सापडावं म्हणून त्या मनातल्या मनात प्रार्थना करत असाव्यात, असं मला आजही वाटतं. मग म्हणाल्या, "काही कमी नाही गं. मी साहेबांना तसंच सांगते."

आठवड्याभराने आम्ही पोरीला पोचवायला गेलो. गाडी थांबायचा अवकाश, ती उतरून धावत सुटली, आईच्या कमरेला बिलगली आणि तिचा हात ओढत आत गेली. बाईंनी निरोपासाठी वर केलेला हात तसाच राहिला. मला पोरीचा खरंच राग आला. परतताना न राहवून बोललो, की वर्षभर पदर धरून झोपली आणि एकदा मागे वळूनही बघितलं नाही.

"बरं झालं की," सिस्टरबाई म्हणाल्या. "भ्यालेली पोरंच मागं वळून बघतात."

आणि पौड येईपर्यंत त्या स्वतः मात्र सीटवर वळून मागच्या काचेतून बघत होत्या.